विद्यापीठातलं व्याख्यान आणि विहारातली पाली



विहाराच्या वर्धापनदिनाची स्मरणिका म्हटली की आम्ही दरवेळी विहार कसा उभा राहिला तेच लिहितो. कोणी विटा वाहिल्या, कोणी पगारातून पत्रे आणून दिले, कोणाच्या घरातल्या भांड्यांवर पहिलं भोजनदान झालं, हे सगळं लिहून झालेलं आहे आणि ते लिहायलाच हवं होतं. यंदा मात्र वेगळा विषय घेतला आहे. मुंबई विद्यापीठात सुमारे दीडशे वर्षांपूर्वी एका माणसाच्या स्मरणार्थ भाषेवरची एक व्याख्यानमाला सुरू झाली, तिच्याविषयी हा लेख आहे. "त्याचा आपल्या विहाराशी काय संबंध?" असं कोणी विचारील. संबंध आहे, आणि तो एका लहान मुलीमुळे आमच्या लक्षात आला.

वर्षावासातला रविवार होता. वंदना झाली, पंचशील झालं. सहावीतल्या एका मुलीनं उभं राहून विचारलं, "पंचशीलात प्रत्येक वेळी 'सिक्खापद' येतं, त्याचा अर्थ काय?" आम्ही म्हणालो, "शील, नियम." ती म्हणाली, "मग शील हा शब्द असताना हा दुसरा कशाला?" आम्ही मोठी माणसं एकमेकांच्या तोंडाकडे पाहत राहिलो. तीस-चाळीस वर्षं जो शब्द रोज तोंडी आहे, त्याचा अर्थ आम्हांला नीट सांगता आला नाही. उत्तर शोधायला जुनी पुस्तकं उघडली, आणि शोधता शोधता आम्ही थेट १८७७ सालात जाऊन पोहोचलो.

विल्सन कोण होते?

गिरगाव चौपाटीसमोरचं विल्सन कॉलेज सगळ्यांनी पाहिलेलं आहे. ते ज्यांच्या नावानं आहे ते डॉ. जॉन विल्सन स्कॉटलंडचे मिशनरी. जन्म १८०४ चा. १८२९ साली ते मुंबईत आले ते ख्रिस्ती धर्माचा प्रसार करायला, हे लपवून ठेवायचं कारण नाही. पण इथं आल्यावर त्यांनी मराठी शिकून घेतली, इतर भाषांचा अभ्यास केला, शाळा काढल्या. त्यांच्या पत्नी मार्गारेट यांनी मुंबईत मुलींच्या शाळा चालवल्या. मुलींनी पाटी हातात धरणं हेच त्या काळी पाप समजलं जाई, म्हणून ही गोष्ट लहान समजू नये. पुढे विल्सन मुंबई विद्यापीठाचे कुलगुरूही झाले. १ डिसेंबर १८७५ रोजी मुंबईतच त्यांचं निधन झालं.

आपल्या दृष्टीनं विल्सन यांची दोन कामं महत्त्वाची आहेत. पहिलं गिरनारचं. गुजरातेत जुनागडजवळ गिरनारच्या पायथ्याशी एक प्रचंड शिळा आहे. तिच्यावर सम्राट अशोकाचे चौदा लेख कोरलेले आहेत. त्या काळी ती लिपी कोणालाच वाचता येत नव्हती. १८३५ साली विल्सन तिथं गेले. त्या लेखाचा ठसा कापडावर घेण्यात आला आणि विल्सन यांच्यामार्फत तो कलकत्त्याला जेम्स प्रिन्सेप यांच्याकडे पोहोचला. प्रिन्सेप यांना १८३७ साली ब्राह्मी लिपीचं कोडं उलगडलं आणि मग गिरनारची शिळाही बोलू लागली. दोन हजार वर्षं मुका झालेला अशोक पुन्हा बोलू लागला. त्यात मुंबईहून गेलेल्या या ठशाचा वाटा होता.

दुसरं काम लेण्यांचं. पश्चिम भारतातली लेणी आणि विहार यांची माहिती गोळा करून विल्सन यांनी १८५० साली एक सविस्तर टिपण प्रसिद्ध केलं. ज्या लेण्यांना लोक 'पांडवांनी एका रात्रीत खोदलेली' म्हणत, ती मुळात बौद्ध भिक्खूंच्या राहण्याची आणि उपासनेची ठिकाणं होती, हे असल्या अभ्यासामुळे पुढे आलं.

अशा माणसाच्या नावानं, त्यांच्या चाहत्यांनी जमवलेल्या निधीतून, मुंबई विद्यापीठात भाषाशास्त्रावरची व्याख्यानमाला सुरू झाली. पुतळा उभारला नाही, कमान बांधली नाही. भाषेवर व्याख्यानं व्हावीत, एवढंच स्मारक.

१८७७ ची सात व्याख्यानं

या मालेतली १८७७ सालची व्याख्यानं दिली डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांनी. मालवणला जन्मलेले, मुंबई विद्यापीठाच्या सुरुवातीच्या पदवीधरांपैकी एक. पुण्याची भांडारकर संस्था १९१७ साली निघाली ती त्यांच्याच नावानं. त्यांनी एकूण सात व्याख्यानं दिली. पहिलं संस्कृतच्या वाढीवर होतं. दुसरं, आणि आपल्या जिव्हाळ्याचं, पाली आणि त्या काळच्या इतर बोलींवर. तिसरं प्राकृत आणि अपभ्रंश यांवर. पुढची आजच्या भाषांवर: मराठी, हिंदी, गुजराती, सिंधी, बंगाली कशा घडल्या यांवर. व्याख्यानं इंग्रजीत झाली आणि १९१४ साली पुस्तकरूपानं निघाली.

आज हे वाचताना त्यातलं नवल कळत नाही. पण त्या काळी विद्यापीठात मान होता संस्कृतला आणि इंग्रजीला. मराठीसुद्धा विद्यापीठाच्या परीक्षांतून बाहेर काढलेली होती. ती परत आत यावी म्हणून न्यायमूर्ती रानडे यांना वर्षानुवर्षं झगडावं लागलं. अशा ठिकाणी उभं राहून एक विद्वान सांगतो की भाषा माणसांच्या तोंडात बदलते, त्या बदलाला नियम असतात, आणि आपल्या मराठीचा धागा शोधायचा तर पाली आणि प्राकृत यांच्यातून जावं लागतं. ही गोष्ट साधी नव्हती.

तो नियम आम्ही आमच्या भाषेत सांगतो. संस्कृतात दोन वेगळी व्यंजनं जोडून येतात. पालीत ती एकसारखी होतात. मराठीत त्यातलं एक गळतं आणि आधीचा स्वर लांबतो. संस्कृत 'हस्त', पाली 'हत्थ', मराठी 'हात'. 'कर्म', 'कम्म', 'काम'. 'कर्ण', 'कण्ण', 'कान'. 'सर्प', 'सप्प', 'साप'. 'सप्त', 'सत्त', 'सात'. 'अष्ट', 'अट्ठ', 'आठ'. 'अद्य', 'अज्ज', 'आज'. 'रात्रि', 'रत्ति', 'रात'. 'भिक्षा', 'भिक्खा', 'भीक'. 'मृत्तिका', 'मत्तिका', 'माती'. उपोसथाच्या दिवशी अष्टशील घेतो त्यात 'नच्च' शब्द येतो, तो म्हणजे आपला 'नाच'. आणि अष्टांगिक मार्गातला 'मग्ग' म्हणजे आपण 'माग काढणं' म्हणतो त्यातला 'माग'.

ही यादी आम्ही एका रविवारी फळ्यावर लिहिली. वस्तीतल्या एक आजी पुढच्या सतरंजीवर बसल्या होत्या. शाळेचं तोंड त्यांनी पाहिलेलं नाही, पण दीक्षेनंतर त्यांची वंदना कधी चुकलेली नाही. आम्ही एकेक शब्द वाचत गेलो. 'हत्थ, हात' झालं, 'मत्तिका, माती' झालं, तशा त्या म्हणाल्या, "मंजी ही आपलीच भाषा हाय की! आमास्नी वाटायचं, हे बामनाच्या मंत्रावानी काय तरी दुसरंच हाय." सगळे हसले. पण आम्हांला ते लागलं. इतकी वर्षं आम्ही आजींकडून पाठांतर करून घेतलं. भाषा आपली आहे, हे सांगायचंच राहून गेलं.

इथं एक खुलासा करायला हवा. पाली ही मराठीची सख्खी आई, असं काही जण भाषणात ठोकून देतात. ते बरोबर नाही. मराठीचं मूळ आपल्या भागातल्या महाराष्ट्री प्राकृतात आहे. पाली तिच्याहून जुनी. तेव्हा पालीला मावशी म्हणावं. तसंच भांडारकरांच्या पुस्तकाच्या नावात पाली, प्राकृत या संस्कृतपासून निघालेल्या भाषा असं म्हटलं आहे. पुढच्या अभ्यासकांनी त्यात दुरुस्ती केली. पाली काही पंडितांच्या ग्रंथातल्या संस्कृतातून सरळ उतरलेली नाही. तिच्यात त्याहून जुन्या बोलींच्या खुणा आहेत. आपला 'ळ' घ्या. वेदांत तो आहे, पंडितांच्या संस्कृतात नाही, पालीत आहे आणि मराठीतही आहे. पालीतला 'सोळस' म्हणजे आपला 'सोळा'.

जुन्या विद्वानांच्या लिहिण्यात 'भ्रष्ट', 'अपभ्रष्ट' हे शब्द सहज येतात. शब्द पंडिताच्या तोंडून सामान्याच्या तोंडात गेला की तो बिघडला, अशी ती समजूत. अपभ्रंश या नावातच पडणं आहे. आमचं म्हणणं असं, की जो शब्द कुंभाराच्या, सुताराच्या, मजुराच्या तोंडात फिरला तो झिजला असेल, पण बिघडला नाही. नदीतला गोटा झिजून गुळगुळीत होतो, त्याला कोणी भ्रष्ट दगड म्हणत नाही. भगवंतांनी धम्म सांगितला तो लोकांच्या बोलीत, आणि भिक्खूंनाही तेच सांगितलं, ते याच कारणानं.

त्या सभागृहात कोण नव्हतं?

आता दुसरी बाजू. १८७७ साली मुंबईत ही व्याख्यानं झाली तेव्हा दख्खनमध्ये मोठा दुष्काळ होता. १८७६ ते १८७८ अशी तीन वर्षं लोक अन्नान्न करत होते. महात्मा फुले आणि सावित्रीबाई यांनी सत्यशोधक समाजाच्या सहकाऱ्यांना घेऊन धनकवडीला उपाशी मुलांना जेवू घालण्याची सोय केली होती. त्याच १८७७ साली कृष्णराव भालेकरांनी पुण्यात 'दीनबंधु' पत्र काढलं. बहुजनांचं दुःख बहुजनांच्या बोलीत छापलं जाऊ लागलं. म्हणजे एकाच वर्षी, एकाच इलाख्यात, विद्यापीठात लोकांच्या भाषेवर इंग्रजीत व्याख्यानं होत होती आणि बाहेर लोक स्वतःच्या भाषेत लिहायला लागले होते. दोघांची गाठ पडली नव्हती.

आमचे पणजोबा-खापरपणजोबा त्या सभागृहात नव्हते. शाळेच्या पडवीतसुद्धा त्यांना जागा नव्हती. १८८२ साली हंटर आयोगापुढे फुल्यांनी निवेदन दिलं. त्यात त्यांनी हेच विचारलं, की शेतकऱ्याच्या घामाचा सारा वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो आणि शेतकऱ्याच्या पोराला प्राथमिक शाळासुद्धा का नाही? बाराव्या वर्षापर्यंतचं शिक्षण सक्तीचं करा, ही त्यांची मागणी होती. आज आपण विद्यापीठातल्या व्याख्यानाचं कौतुक करतो तेव्हा हा प्रश्न बाजूला ठेवता येणार नाही. ज्ञान चांगलं होतं, पण दार बंद होतं.

दार उघडणारी माणसं

तरीसुद्धा त्या व्याख्यानांतून एक पायवाट निघाली. गोव्यातल्या साखवाळचे धर्मानंद कोसंबी, जन्म १८७६ चा, बुद्धाच्या ओढीनं घर सोडून निघाले. संस्कृत शिकायला पुण्यात आले तेव्हा भांडारकरांना भेटले. पुढे सिलोनला जाऊन १९०२ साली त्यांनी दीक्षा घेतली, पाली शिकले, ब्रह्मदेशात राहिले. बडोद्याचे सयाजीराव महाराज यांनी त्यांना महिना पन्नास रुपये देऊ केले, ते महाराष्ट्रात राहून काम करावं म्हणून. पाली विषय मुंबई विद्यापीठात यावा यासाठी भांडारकरांचं वजन कामी आलं आणि १९१२ ते १९१८ कोसंबींनी फर्ग्युसन कॉलेजात पाली शिकवली. त्यांच्या हाताखाली पु. वि. बापट यांच्यासारखे विद्वान तयार झाले. बुद्धाच्या महापरिनिर्वाणाला २५०० वर्षं झाल्यानिमित्त १९५६ साली भारत सरकारनं जो मोठा ग्रंथ काढला त्याचे संपादक हेच बापट. आणि कोसंबींनी जे लिहिलं ते इंग्रजीत अडकवून न ठेवता मराठीत लिहिलं. 'भगवान बुद्ध' हे त्यांचं पुस्तक आपल्या विहाराच्या कपाटात आहे. पानं सुटली आहेत, पण आहे.

दुसरी वाट आणखी जवळची. परमपूज्य बाबासाहेब एल्फिन्स्टन हायस्कुलात होते. त्यांना संस्कृत घ्यायचं होतं, पण अस्पृश्याच्या मुलाला संस्कृत शिकवायला नकार मिळाला आणि त्यांना फारसी घ्यावी लागली. एका भाषेचं दार तोंडावर लावलं गेलं. १९०७ साली ते मॅट्रिक झाले, तेव्हा सत्कारसभेत कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी आपण लिहिलेलं बुद्धचरित्र त्यांच्या हातात दिलं. गुरुजी विल्सन हायस्कुलात शिक्षक होते आणि पुस्तक मराठीत होतं. एका भाषेनं दार लावलं ते दुसऱ्या भाषेनं उघडलं, असं म्हणायला हरकत नाही.

बाबासाहेब पुढे संस्कृतही शिकले, स्वतःच्या हिमतीवर. पालीचा त्यांनी नुसता आदर केला नाही, तर तिचं व्याकरण आणि शब्दकोश तयार करायला घेतला. प्रकृती ढासळलेली, राजकारणाचा व्याप, आणि त्यात हा माणूस एकेका पाली शब्दाचे अर्थ मांडत बसायचा. महाराष्ट्र शासनानं १९९८ साली त्यांच्या लेखन आणि भाषणांचा १६ वा खंड काढला, त्यात हे काम छापलेलं आहे. ज्यांच्या घरी तो खंड असेल त्यांनी मुलांना एकदा उघडून दाखवावा.

आणि ज्याला शाळेत वर्गाच्या कोपऱ्यात गोणपाटावर बसवलं होतं, त्याच माणसाला २९ जानेवारी १९३९ रोजी पुण्याच्या गोखले संस्थेनं काळे स्मृती व्याख्यान द्यायला बोलावलं. विषय होता संघराज्य आणि स्वातंत्र्य. स्मृती-व्याख्यान म्हणजे काय असतं, हे त्यांना ठाऊक होतं. गेलेल्या माणसाचं नाव घ्यायचं आणि जिवंत माणसांपुढे जिवंत प्रश्न ठेवायचा. त्यांनी संस्थाही तशाच काढल्या. १९४६ साली सिद्धार्थ कॉलेज आणि १९५० साली औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, पुढे मिलिंद या नावानं प्रसिद्ध झालेलं महाविद्यालय. मिलिंद हा प्रश्न विचारणारा राजा होता. उत्तर पटलं की मान्य करणारा. कॉलेजला त्याचं नाव देण्यात मोठी सूचना आहे.

दगडावरची अक्षरं

लिहिणं ही आपल्या लोकांची गोष्ट नव्हती, असं कोणी म्हटलं तर त्याला लेण्यांत न्यावं. कार्ल्याच्या चैत्यगृहात धेनुकाकट गावच्या सामी नावाच्या सुताराचं नाव कोरलेलं आहे. सिंहदत्त नावाच्या गंधिकाचं, म्हणजे सुगंधी द्रव्यं विकणाऱ्याचं नाव आहे. जुन्नरच्या लेखांत बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि कासारांच्या श्रेणी आहेत, नाशिकच्या लेखांत विणकरांच्या. भाषा त्यांची रोजची प्राकृत, लिपी ब्राह्मी. राजाचं नाव आहे तसं सुताराचंही आहे. गिरनारच्या ज्या शिळेवर अशोकाचे लेख लोकभाषेत आहेत, तिच्यावरच सुमारे चारशे वर्षांनी रुद्रदामन राजानं संस्कृतात लेख कोरवला. म्हणजे त्या दगडावर आधी लोकांची भाषा आली, मग पंडितांची.

आणि हे फार दूरचं नाही. आपल्या मुंबईच्या उशाशी नालासोपारा आहे. तिथं १८८२ साली भगवानलाल इंद्रजी यांना अशोकाच्या आठव्या लेखाचा तुकडा सापडला. जवळच भुईगावला नवव्या लेखाचा तुकडा मिळाला तो १९५६ साली. ज्या वर्षी नागपूरला बाबासाहेबांनी धम्मदीक्षा दिली त्याच वर्षी. आम्ही यात चमत्कार मानत नाही, पण आनंद मानतो.

आता आपण काय करायचं?

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारनं मराठी, पाली आणि प्राकृत यांना इतर दोन भाषांबरोबर अभिजात भाषेचा दर्जा दिला. वस्तीत पेढे वाटले, फलक लागला. चांगलं झालं. पण आपल्या विहारातल्या रविवारच्या पाली वर्गाला किती जण येतात, हे आपल्याला माहीत आहे. सुरुवातीला सतरंज्या पुरत नव्हत्या. मग दहावीचं वर्ष, क्लास, मोबाईल, कामाच्या पाळ्या. आता चार-पाच मुलं आणि आजी. दर्जा दिल्लीनं दिला, पण भाषा काही दिल्लीत राहत नाही. ती कोणाच्या तरी तोंडात राहते.

म्हणून विहार समितीपुढे आम्ही दोन गोष्टी ठेवत आहोत. एक, वंदना झाल्यावर रोज एक पाली शब्द फळ्यावर लिहायचा, शेजारी त्याचं मराठी रूप. पाच मिनिटं लागतात. दुसरी, दर वर्षी वर्धापनदिनाला एक स्मृती-व्याख्यान ठेवायचं. विल्सन यांच्या नावानं जे विद्यापीठात होऊ शकलं, ते ज्यांनी हा विहार उभा केला त्या आपल्या माणसांच्या नावानं इथं का होऊ नये? विषय भाषा, लिहिणं आणि शिक्षण. वक्ता मोठाच हवा असं नाही. आपल्या वस्तीतली एखादी शिक्षिका, कॉलेजात पाली घेतलेला एखादा मुलगा चालेल. अट दोनच: बोलायचं आपल्या मराठीत, आणि शेवटी प्रश्न विचारायचे लहान मुलांनी. पहिल्या वर्षी आजींना अध्यक्षस्थानी बसवावं, असं आमचं मत आहे.

जाता जाता त्या मुलीचं उत्तर. 'सिक्खा' म्हणजे शिकणं. संस्कृतात 'शिक्षा', पालीत 'सिक्खा', आणि त्याच मुळातून आपला 'शिक' आला. 'पद' म्हणजे पाऊल, पायरी. सिक्खापद म्हणजे शिकण्याची पायरी. शील हुकूम म्हणून पाळायचं नसतं, शिकत शिकत अंगी आणायचं असतं, म्हणून तिथं तो दुसरा शब्द आहे. आणि बाळ, बाबासाहेबांनी आपल्याला पहिला शब्द दिला तो कोणता? 'शिका'. म्हणजे तू रोज पंचशीलात जो शब्द म्हणतेस, तोच.

हे आम्हांला आधी सांगता आलं नाही, याची चूक आमच्याकडे. तू विचारलंस, म्हणून आम्ही शिकलो.

जयभीम! नमो बुद्धाय!